गावाचं देणं

पाऊस पडला की आमच्या दवाखान्यात गर्दी होते. ऑक्सनार्डच्या आसपास मैलोनमैल स्ट्रॉबेरीची शेती. वाफ्यांत पाणी साचलं की तोडणी बंद, आणि तोडणी बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरीही बंद. मग अंगावर काढलेली सगळी दुखणी घेऊन माणसं येतात. पाठ, गुडघे, मुलांचे कान, रक्तातली साखर. मी औषधांच्या खिडकीत बसते. कॅलिफोर्नियात येऊन मला सोळा वर्षं झाली, त्यातली नऊ या खिडकीत गेली.

फेब्रुवारीतल्या अशाच एका पावसाळी दिवशी एक बाई आली. पाठीशी शालीत बांधलेलं वर्ष-सव्वा वर्षाचं पोर, त्याचा कान वाहत होता. मी बाटली हलवून दाखवली, पिचकारीवरच्या पाचच्या रेघेवर बोट ठेवलं. खिडकीतल्या दुसऱ्या मुलीनं माझं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगितलं. दिवसातून दोनदा, दहा दिवस, बरं वाटलं तरी थांबायचं नाही. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. “सी, सी.” चौथ्या दिवशी ती परत आली. पोर तापानं फणफणलं होतं आणि बाटली जवळजवळ भरलेली होती.

तिला स्पॅनिश येत नव्हतं. “सी” तेवढं येत होतं. मेक्सिकोतून आलेली बाई म्हणजे स्पॅनिश बोलणारच, हे मी धरून चालले होते. विचारायचंही मला सुचलं नव्हतं. ते तापलेलं पोर आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं.

त्या दिवशी खिडकीत माझी नेहमीची सहकारी होती. तिनं बाईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “हिला मिस्तेको लागेल.” फोनवर दुभाषी मिळवली. मी इंग्रजीत बोलायचं, सहकारीनं ते स्पॅनिशमध्ये सांगायचं, फोनवरच्या बाईनं मिस्तेकमध्ये. मग उत्तर त्याच वाटेनं परत. पण या सगळ्याच्या आधी फोनवरच्या बाईनं स्वतःहून एक प्रश्न विचारला, आणि समोरचा इतका वेळ मिटलेला चेहरा एकदम उघडला. काय विचारलं तिनं? सहकारी म्हणाली, “कुठल्या गावची, ते विचारलं.”

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, संगमेश्वर तालुक्यातली. हा प्रश्न मला कुणी समजावून सांगायला नको होता.

दुभाषीला तो प्रश्न कामासाठीही लागतो, हे नंतर कळलं. मिस्तेक ही एक भाषा म्हणायची, पण मेक्सिको सरकारच्या २००८ च्या अधिकृत यादीत तिची ८१ रूपं नोंदलेली आहेत. एका खोऱ्यातलं बोलणं पलीकडच्या खोऱ्यात कळेलच असं नाही. शिवाय ही सुरांची भाषा. एका बोलीत ‘युकू’ म्हणजे डोंगर, आणि तोच शब्द शेवटी सूर उतरवून म्हटला की झाडोरा. तेव्हा आधी गाव विचारायचं, मग जीभ त्या गावाला लावून घ्यायची. त्यांचं स्वतःचं नाव मिस्तेक नाहीच, ते बाहेरच्यांनी दिलेलं. ते स्वतःला म्हणतात ‘न्यू सावी’. न्यू म्हणजे गाव, लोक. सावी म्हणजे पाऊस. पावसाची माणसं, आणि मला ती भेटतात पावसाच्याच दिवशी, कारण एरवी ती वाफ्यात वाकलेली असतात.

ही माणसं दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातली. एका राज्यात ५७० नगरपालिका, सोळा आदिवासी भाषा. डोंगराळ भाग, धूप झालेली जमीन, पावसावरचा मका. आमच्या कोकणातल्या वरकस जमिनीवर नाचणी काढणाऱ्याला हे चित्र अनोळखी नाही. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेनं मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणले, तेव्हा यातले थोडे आले. बाकीचे टप्प्याटप्प्यानं सरकत आले. आधी मेक्सिकोतच सिनालोआत टोमॅटोच्या शेतांवर, मग बाहा कॅलिफोर्नियातल्या सान किंतीनला, मग सरहद्द ओलांडून फ्रेस्नो, मदेरा, सांता मरिया, ऑक्सनार्ड. सापोतेक ही वाहाकातलीच दुसरी जमात, ते लोक जास्त करून लॉस एंजेलिसच्या हॉटेलांच्या भटारखान्यांत आणि घरकामांत गेले. १९९४ च्या जानेवारीपासून मुक्त व्यापाराचा करार आला, अमेरिकेचा स्वस्त मका तिकडच्या बाजारात उतरला आणि डोंगरातली आणखी घरं रिकामी झाली. २०१० च्या सुमाराच्या एका पाहणीत कॅलिफोर्नियातल्या आदिवासी शेतमजुरांची आणि त्यांच्या घरच्यांची संख्या १,६५,००० च्या घरात धरली होती.

माझी सहकारी सापोतेक. तिचे आईवडील तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावचे. तिथले लोकरी गालिचे प्रसिद्ध आहेत. ती स्वतः जन्मली इथेच, दुपारी डब्यात पास्ता आणते, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. एकदा जेवताना तिच्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला. एवढ्या माणसांचं जेवण, एवढा खर्च कसा करणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, “आईकडे वही आहे ना.”

पुढच्या रविवारी मी ती वही पाहिली. शाळेत वापरतात तसली रेघांची, कडा मऊ झालेली, पुठ्ठ्याला चिकटपट्टी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या आईनं ती पुढे सरकवली. डावीकडे नाव, मग तारीख, मग वस्तू. टर्की दोन, वजनासकट. मका इतके किलो. कोको. साखर. मेस्कालच्या बाटल्या. बिअरचे खोके. काही ओळींवर आडवी रेघ मारलेली, म्हणजे ते फिटलं. काही ओळी पंचवीस वर्षांपूर्वीच्या, अजून मोकळ्या. तुमच्या घरी कार्य निघालं की मी माझ्याकडची टर्की तुमच्याकडे पोचवते. माझ्या घरी निघेल तेव्हा तुम्ही तेवढ्याच वजनाची आणून देता. दहा वर्षांनी द्या, नाहीतर तुमच्या मुलीनं माझ्या मुलाला द्यावी. याला ते गेलागेत्सा म्हणतात. त्याच नावाचा नाचगाण्यांचा मोठा उत्सव जुलैत वाहाका शहरात होतो, लॉस एंजेलिस आणि फ्रेस्नोलाही होतो. पण उत्सव नंतरचा, मूळ शब्द या देण्याघेण्याचा आहे.

आमच्याकडे याला आहेराची वही म्हणतात. लग्नात मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेला, कानात पेन खोचलेला एक नातेवाईक, हे ज्यानं पाहिलं नाही असा मराठी माणूस विरळा. आम्ही कधीतरी पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायला लागलो आणि त्याला सुधारणा म्हटलं. मीही म्हटलं. त्या वहीवर बोट फिरवताना पहिल्यांदा वाटलं की आपण काय बंद केलं ते आपल्याला नीट माहीत नव्हतं.

माझे आजोबा गिरणीत होते, परळला. ते राहायचे ती खोली त्यांची नव्हती, गावाची होती. एका खोलीत गावचे पंधरा-वीस पुरुष. पाळीप्रमाणे झोपायचं, भिंतीला वळकट्या, दोरीवर ट्रंका टांगलेल्या, महिन्याचा हिशेब एकाकडे. नव्या पोरानं गावाहून यायचं ते थेट त्या खोलीवर. त्याला नोकरी लागेपर्यंत खोली पोसायची, आणि लागली की त्यानं पुढच्या पोराला पोसायचं. शिमग्याच्या पालखीला, देवळाच्या कौलांना, पाखाडीच्या दगडांना वर्गणी इथूनच जायची. गावची सभा गावात व्हायची खरी, पण पैशाचे निर्णय परळच्या खोलीत व्हायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण मुंबई मंडळं टिकली. आजही कोकणातल्या कितीतरी गावांत सभामंडपाच्या पाटीवर ‘ग्रामस्थ व मुंबईकर’ असं लिहिलेलं असतं.

वाहाकाच्या गावांची मंडळंही नेमकी अशीच चालतात, फक्त मध्ये दोन देशांची हद्द आहे. गावच्या कामाला तिकडे ‘तेकिओ’ म्हणतात. प्रत्येक घरानं ठरलेल्या दिवशी फुकट राबायचं, रस्ता, शाळा, पाण्याची नळयोजना काहीही असो. लांब गेलेल्यानं डॉलर पाठवायचे. त्यांच्या सरकारनं २००२ पासून एक योजनाच केली होती. परदेशातल्या गावमंडळानं एक पेसो घातला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका मिळून तीन घालणार. मजुरांच्या वर्गणीवर सरकारनं रस्ते बांधायचे, हे मला मनापासून पटत नाही. पण त्या मंडळांचा हिशेब किती चोख असेल, हे त्यावरून कळतं.

आणि तेकिओच्याही वर आहे तो ‘कार्गो’. हा शब्द मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कार्गो म्हणजे ओझं, आणि कार्गो म्हणजे गावचं पद. वाहाकातल्या ५७० पैकी ४०० हून अधिक नगरपालिका पक्षांच्या निवडणुकीनं चालत नाहीत, गावसभेच्या रिवाजानं चालतात. १९९५ साली राज्याच्या कायद्यानं त्या पद्धतीला मान्यता दिली. सभा तुमचं नाव पुकारते आणि तुम्ही वर्षभर, कधी जास्त, बिनपगारी काम करता. सुरुवात ‘तोपिल’पासून, म्हणजे निरोप्या आणि रखवालदार. तिथून पायरी पायरीनं वर. देवळाची समिती, पाण्याची समिती, शाळेची, शेवटी गावचा मुख्य. अर्ज नसतो, हौस नसते. नाव आलं की आलं.

तुम्ही कॅलिफोर्नियात असलात तरी येतं.

ज्या दुभाषीशी त्या दिवशी फोनवर बोलणं झालं ती पुढे ओळखीची झाली. तिच्या नवऱ्याचं नाव गावच्या सभेनं तोपिल म्हणून पुकारलं तेव्हा तो सांता मरियाच्या शेतात ब्रोकोली तोडत होता. कागदपत्रं नाहीत. गेला तर परत येणं म्हणजे वाळवंट, आणि माणसं पलीकडे नेणाऱ्या दलालाला हजारो डॉलर. पूर्वी माणसं हंगामाला येऊन परत जात. १९९४ नंतर सान दिएगोच्या बाजूला कुंपण आणि पहारा वाढला आणि ये-जा करणारी माणसं इथेच अडकली. न जावं तर गावातलं घर, आईची जमीन, स्मशानातली जागा, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. शेवटी त्यानं बदली माणूस लावला, म्हणजे वर्षभर दर महिन्याला दुसऱ्याच्या मजुरीचे पैसे इथून पाठवले. बायको सांगत होती की पैसे गेले त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते पदाची काठी दुसऱ्याच्या हातात गेली याचं. माझ्या सहकारीच्या वडिलांकडे कागदपत्रं होती, बिनकागदाच्यांना इथे राहू देणाऱ्या १९८६ च्या कायद्यानं मिळालेली. त्यांचं नाव आलं तेव्हा ते नोकरी सोडून वर्षभर जाऊन आले. परतल्यावर भांडी घासण्यापासून पुन्हा सुरुवात.

मी तिला विचारलं, रागावले नाहीत? ती म्हणाली, “नाव पुकारलं नसतं तर रागावले असते.”

या उत्तरानं मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. आपण अमुक गावचे असं म्हणतो तेव्हा आपल्या मनात जन्म असतो, आडनाव असतं, सातबारा असतो. त्यांच्या मनात केलेलं काम असतं. जो गावचं ओझं उचलतो तो गावचा. तीन हजार किलोमीटरवरून उचललं तरी चालेल, पण उचललं पाहिजे. मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तिकीट काढून जाते. नाटक चांगलं असतं, पुरणपोळी चांगली असते, माणसं तर फारच चांगली आहेत. पण रात्री घरी येते तेव्हा मी कुणाचं देणं लागत नाही आणि माझं कुणी लागत नाही. मला ते टोचायला लागलं.

मात्र कुणी याला सोन्याचा मुलामा देऊन सांगायला लागलं की मला गावकीची दुसरी बाजू आठवते. वर्गणी दिली नाही म्हणून, सभेत उलटं बोलला म्हणून वाळीत टाकलेली घरं आमच्या कोकणानं पाहिली आहेत. विहिरीवर बोलणं बंद, मयताला खांदा नाही. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू आहे. परळच्या खोलीत आमची कुणबीवाडी होती, बौद्धवाडीची खोली वेगळी होती, आणि ती वेगळी का, हे लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नाही. वाहाकातही कार्गो नाकारणाऱ्याचं पाणी तोडलं जातं, जमीन काढून घेतली जाते. आणि बायका? २००७ साली सांता मारिया किएगोलानी या सापोतेक गावात एउफ्रोसिना क्रूस मुख्यपदासाठी उभी राहिली. तिला पडलेली मतं बाद ठरवली गेली, कारण ती बाई होती. ती गप्प बसली नाही, पुढे आमदार-खासदार झाली. गंमत म्हणजे पुरुष इतके दूर गेले की गावांना बायकांवाचून चालेना. नवऱ्याच्या नावाचा तेकिओ आधी बायकोनं केला, मग कार्गो केला, मग ती सभेत बोलायला उभी राहिली. घर रिकामं झाल्यावर दार उघडलं, असंच म्हणायचं.

तर गाव असं घट्ट. मग ‘मिस्तेक’ हे आलं कुठून? मला वाटायचं ते सोबत आणलेलं असणार. पण नाही. डोंगरात असताना माणूस आपल्या गावचा असतो, बस. शेजारच्या गावाशी हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. त्या गावचा आणि आपला एक समाज आहे, हे सांगायला परका प्रदेश लागला. मलाही गावात कुणी कधी मराठी म्हटलं नव्हतं. तिथे आम्ही वाडीचे होतो, मुंबईत संगमेश्वरचे झालो, पुण्याला शिकायला गेल्यावर कोकणी आणि इथे विमानतळावर उतरल्यावर भारतीय. जितकं लांब जावं तितकं नाव मोठं होत जातं.

त्यांना हे नाव आधी शिवी म्हणून मिळालं. सिनालोआच्या शेतांत, मग इथल्या शेतांत आणि शाळांतही, इतर मेक्सिकन लोक त्यांना ‘वाहाकिता’ म्हणत. म्हणजे वाहाकाचं पोरटं. ‘इंदितो’ म्हणत. बुटके, काळे, अडाणी, भाषा नसलेले. त्यांच्या बोलण्याला भाषा म्हणायचंच नाही, ‘दियालेक्तो’ म्हणायचं. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो हे ज्याला माहीत आहे, त्याला वाहाकिताचा अर्थ कळायला शब्दकोश नको. मुलं घरी येऊन आईला सांगत, शाळेच्या फाटकाशी माझ्याशी मिस्तेकमध्ये बोलू नकोस. २०१२ साली इथे ऑक्सनार्डमध्येच तरुण मुलांनी मोहीम काढली, ‘मला वाहाकिता म्हणू नका’. शाळामंडळाला ठराव करून हे शब्द शाळांत बंद करावे लागले. त्या पोरांच्या गटाचं नाव होतं तेकिओ. रस्ता बांधायचा शब्द त्यांनी इथे असा वापरला. दहा वर्षांनी, २०२२ च्या ऑक्टोबरात, लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेच्या अध्यक्षबाईंचं एक चोरून केलेलं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. वाहाकाच्या लोकांना त्या बुटके, काळे, कुरूप म्हणत होत्या. त्यांना पद सोडावं लागलं. वाहाकाचे लोक आपली पितळी वाद्यांची पथकं घेऊन रस्त्यावर उतरले. ट्युबा, ट्रॉम्बोन, फेटेवाल्यांच्या जागी रंगीत घागरे. निषेध होता, पण वाजवत निघाले होते ती गावच्या जत्रेची गत.

शिवीपेक्षाही जास्त नुकसान केलं ते न ऐकल्या गेलेल्या भाषेनं. ओरेगन राज्यात १९८६ साली सान्तियागो वेंतुरा मोरालेस या मिस्तेक तरुणाला खुनासाठी जन्मठेप झाली. न्यायालयानं दुभाषी दिला होता तो स्पॅनिशचा. पुढे ज्युरींमधल्याच काहींना आपण चुकलो असं वाटलं, लोकांनी पाठपुरावा केला आणि १९९१ साली तो सुटला. त्याच राज्यात एका त्रिकी, म्हणजे वाहाकातल्याच आणखी एका जमातीच्या माणसाला मनोरुग्णालयात जवळपास दोन वर्षं डांबलं गेलं. तो आपली भाषा बोलत होता आणि ती भाषा असू शकते हे तिथल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी खिडकीत बसून “सी, सी”वर विश्वास ठेवला ते याच जातीचं होतं. माझ्या हातून फक्त कानाचं औषध चुकलं, हे नशीब.

या सगळ्यातून १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये एक आघाडी उभी राहिली. कोलंबसाच्या पाचशे वर्षांचा सोहळा पुढच्या वर्षावर आला होता, आणि ज्यांच्या किनाऱ्याला तो लागला त्यांचं म्हणणं काय हे कुणी विचारत नव्हतं. आघाडीचं नाव मिस्तेक-सापोतेक द्विराष्ट्रीय आघाडी. मला या संघटनेच्या नावाचाच इतिहास सगळ्यात बोलका वाटतो. आधी दोन जमातींची नावं. मग त्रिकी आले, चिनान्तेक आले, तेव्हा १९९४ मध्ये ‘वाहाकाच्या आदिवासींची’ झाली. मग मिचोआकानचे पुरेपेचा आले, ते तर वाहाकाचे नव्हेतच, तेव्हा २००५ मध्ये वाहाका शब्दही गळला आणि ‘आदिवासी संघटनांची द्विराष्ट्रीय आघाडी’ एवढं उरलं. आपल्याकडे संघटना फुटतात तेव्हा नावाला नवा शेपूट लागतो. इथे माणसं वाढली म्हणून नाव बदललं.

स्थापनेत एक होते रुफिनो दोमिंगेस. सान मिगेल क्वेवास या छोट्या मिस्तेक गावचे, सिनालोआ आणि सान किंतीनच्या मळ्यांत मजुरांना संघटित करत करत कॅलिफोर्नियात आलेले. स्वतः शेतात राबले, गावचे प्रश्न गावात मांडले, इथले इथे. २०१७ साली फ्रेस्नोत ते गेले. आघाडीच्या एका मागणीनं मला पहिल्यांदा वाचल्यावर थांबवलं होतं. स्थलांतराचा हक्क सगळेच मागतात. हे लोक त्यासोबत मागतात ‘स्थलांतर न करण्याचा हक्क’. गावात राहून पोट भरावं, जायचं असेल तर मनानं जावं. परळच्या खोलीतल्या वीस माणसांपैकी किती जण मनानं आले होते, हे मी आजोबांना विचारायला हवं होतं.

कामं मात्र साधी असतात. कोर्टात, बाळंतपणात, शाळेच्या सभेत दुभाषी पुरवणं. कामाचे तास आणि किमान मजुरी गावच्या बोलीत समजावणं. जनगणनेच्या अर्जात वंशाच्या रकान्यात ‘अमेरिकन इंडियन’वर खूण करून पुढे आपल्या लोकांचं नाव लिहा म्हणून दारोदार सांगणं. २०१० च्या गणतीत मेक्सिकन मूळच्या आदिवासींची संख्या १,७५,००० च्या वर गेली. अमेरिकेतल्या सगळ्या आदिवासी गटांत चौथी. कालपर्यंत कागदावर नव्हती ती माणसं. आमच्या ऑक्सनार्डात मिस्तेक लोकांसाठी काम करणारी संस्था २००१ साली एका नर्सनं सुरू केली, आता तिचं रेडिओ केंद्रही आहे, ९४.१ वर. २०१७ च्या डिसेंबरात डोंगरांत वणवा पेटला तेव्हा पहिले इशारे इंग्रजीत होते आणि स्ट्रॉबेरीची तोडणी धुरात चालू होती. मिस्तेकमधून निरोप फिरवणारे आणि बांधावर जाऊन मास्क वाटणारे हेच लोक. मी तेव्हा माझ्या घराच्या खिडक्यांना टेप लावत होते.

आणि सरहद्दीपलीकडे त्यांचेच भाऊबंद आहेत. २०१५ च्या मार्चमध्ये ऐन हंगामात सान किंतीनचे हजारो मजूर संपावर गेले, दिवसाला दोनशे पेसो मजुरी मागत. बहुतेक सगळे मिस्तेक आणि त्रिकी. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यातल्या प्रत्येक बाकावर त्याच गोष्टी. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी तिकडे. तिकडची स्ट्रॉबेरी आणि इकडची स्ट्रॉबेरी एकाच दुकानात एकाच फळीवर येते, तोडणारे हात एकाच गावचे. फळाला सरहद्द सहज ओलांडता येते.

सहकारीच्या बहिणीचं लग्न जूनमध्ये झालं. एका नातेवाईकाच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीचा मांडव घालून. काय न्यावं हे मला कळेना. पाकीट दिलं असतं तर ठेवून घेतलं असतं त्यांनी, वहीत मात्र चढलं नसतं. शेवटी तिच्या आईलाच विचारलं, तुम्हाला काय कमी पडतंय? मुलीनं स्पॅनिशमध्ये विचारलं. आई माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, प्यायचा सोडा. बायका-पोरं शंभरावर आहेत.

मी सोड्याचे सहा खोके घेऊन गेले. आईनं ते मोजून उतरवून घेतले, ओले हात एप्रनला पुसून वही उघडली. माझं नाव विचारलं, स्वतःच्या उच्चाराप्रमाणे लिहिलं. तारीख लिहिली. सहा लिहिलं. मग पेन तसंच धरून काहीतरी विचारलं.

“आई विचारतेय,” मुलगी म्हणाली, “तुमच्याकडे पुढे काय आहे?”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मुलगा बारा वर्षांचा, त्याचं लग्न कुठल्या कुठे. आम्ही इथे घर घेतलं तेव्हाही हॉटेलात जेवण दिलं होतं. मागे बँडवाले ट्युबात फुंकर मारून बघत होते. आई थांबली होती.

“गणपती,” मी म्हटलं. “दर वर्षी असतात. दीड दिवस.”

“कधी?”

“तारीख बदलते. चंद्रावर असते.”

हे मुलीनं आईला सांगितलं तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “माणसं किती?”

दर वर्षी पाच घरं येतात, जेवण केटररकडून येतं, थर्माकोलच्या डब्यांत. मी मनातल्या मनात मोजायला लागले. आमच्या गल्लीतले. दवाखान्यातले. दुभाषी आणि तिचा नवरा.

“चाळीस,” मी म्हटलं.

तिनं चाळीस लिहिलं. मग मान वर करून एवढंच विचारलं, की तुमचा देव मांस खातो की नाही, कारण टर्कीचं मग काय करायचं ते तिला आत्ताच ठरवावं लागेल.